स्केट नेमके कुठे चावतात?

वाचकांचे प्रश्न आणि फिजिओथेरपिस्टची उत्तरे

दर हिवाळ्यात या सदराकडे गुडघ्यांच्या आणि कंबरेच्या तक्रारी येतात. यंदाच्या पत्रांत मात्र पाच पत्रे आइस हॉकीच्या स्केटबद्दलची, म्हणजे तळाला पाते असलेल्या बुटांबद्दलची, निघाली. उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या घरांतील मुले हॉकी खेळू लागली, त्याला आता बराच काळ झाला आणि त्यांच्यामागून काही आईवडीलही बर्फावर उतरले आहेत. मी स्वतः वयाच्या ३४ व्या वर्षी टोरोंटोजवळच्या एका रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा दहा मिनिटांत तळपायात असे गोळे आले की बाकावर बसून बूट काढावे लागले. दोष माझ्या पायांचा आहे, अशी माझी त्या दिवशी खात्री झाली होती. पुढे अनेक खेळाडूंचे पाय आणि त्यांचे बूट तपासल्यावर समजले की अशा दुखण्यात पहिली चौकशी बुटाची करावी आणि नंतर पायाची. खालील उत्तरे त्याच क्रमाने लिहिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा १० वर्षांचा असून कॅनडातील मिसिसागामध्ये यू-११ (अकरा वर्षांखालील) वयोगटात हाऊस लीग, म्हणजे स्थानिक हौशी सामने, खेळतो. पाय भराभर वाढतात म्हणून आम्ही त्याला जुन्या सामानाच्या विक्रीतून दोन मापे मोठे स्केट घेतले. बर्फावर त्याचे दोन्ही घोटे आत कलतात, पंधरा मिनिटांत पावलाची आतली बाजू दुखू लागते आणि तो रडवेला होऊन बाहेर येतो. प्रशिक्षकांच्या मते त्याचे घोटे कमकुवत आहेत. सासूबाई तेल चोळायला सांगतात. घोट्याला पट्टा बांधावा का?

उत्तर : आपल्या मुलाचे घोटे कमकुवत असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. त्याची परीक्षा घरीच करता येईल. त्याला अनवाणी, एका पायावर, अर्धा मिनिट उभे राहायला सांगा आणि मागून घोट्याकडे पाहा. जमिनीवर जो घोटा बऱ्यापैकी सरळ राहतो तोच बर्फावर आत कलत असेल, तर त्याला आधार देण्याचे काम ज्या बुटाकडे आहे तो बूट ते करत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची पद्धत आहे आणि शाळेच्या गणवेशापुरती ती शहाणपणाची आहे. स्केटच्या बाबतीत मात्र ती पायावर उलटते. हॉकीचा स्केट नेहमीच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड मापाने लहान बसतो, म्हणजे मुलाचे रोजचे बूट ४ मापाचे असतील तर त्याचे स्केट ३ किंवा अडीचच्या आसपास असायला हवेत. आपण रोजच्या बुटापेक्षा दोन मापे मोठे घेतले असतील, तर प्रत्यक्षात फरक तीन ते साडेतीन मापांचा झाला. एवढ्या मोकळ्या बुटात टाच वर-खाली होत राहते, पाऊल आतल्या बाजूला ढळते आणि ते सावरण्यासाठी घोट्याच्या आतून तळपायाच्या कमानीकडे जाणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सतत ताणलेली राहते. त्यातच, घसरणाऱ्या बुटाला पकडून ठेवण्यासाठी मूल नकळत पायाची बोटे आत वळवते. आतल्या बाजूचे दुखणे आणि तळपायातले गोळे या दोन्हींचे मूळ बहुधा तिथेच असते.

नवे स्केट घेण्याआधी जुन्यांची आणखी दोन अंगांनी तपासणी करा, कारण वापरलेले स्केट पुन्हा घ्यायचे झाले तरी ती उपयोगी पडेल. बुटाचा वरचा भाग हाताने दोन्ही बाजूंनी दाबा. तो सहज एकमेकांना टेकत असेल किंवा घोट्यापाशी आडवी घडी पडली असेल, तर त्या बुटातला जीव गेला आहे. मग पात्याला धार लावणाऱ्याकडून दोन्ही कडा समान उंचीच्या आहेत का, हे पाहून घ्या. पात्याच्या मधोमध लांबट खाच असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन कडा असतात. त्यातील एक कड उंच राहिली, तर चांगल्या बुटातला पायही एका बाजूला कलतो. खाचेची खोली पुष्कळ ठिकाणी अर्ध्या इंचाच्या त्रिज्येने घेतात आणि या वयाच्या मुलाला तेवढी सहसा पुरते.

दुकानात संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या वावराने पाय किंचित फुगलेले असतात, आणि मुलगा खेळताना घालतो तेच पातळ मोजे सोबत न्यावेत. बूट घालून टाच जमिनीवर हलकेच आपटून मागे बसवावी आणि मग नाड्या बांधाव्यात. सरळ उभे राहिल्यावर बोटांची टोके पुढच्या टोपीला जेमतेम स्पर्श करतील आणि गुडघे वाकवल्यावर ती थोडी मागे सरकतील, ते माप योग्य समजावे. गुडघे वाकवलेले असताना टाचेमागे आपले एक बोटही आरामात जात असेल, तर बूट मोठा आहे. बुटाच्या खोलीसाठी एक जुनी युक्ती आहे : नाड्या सैल करून बुटाची जीभ (नाड्यांखालची पट्टी) पुढे ओढावी आणि वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवावी, पेन्सिल पावलाच्या वरच्या भागाला टेकून डुगडुगत असेल, तर त्या पायाला तो बूट उथळ आहे. रुंदीकडे आपले लोक हमखास दुर्लक्ष करतात. अनवाणी वावरलेल्या घरांतून आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांचे चवडे पसरट असतात, तेव्हा नेहमीच्या ‘डी’ रुंदीत करंगळीची बाजू दाबली जात असेल, तर ‘डबल ई’ मागावी. काही कंपन्या आता रुंदीची अक्षरे सोडून वेगळे क्रमांक किंवा नावे वापरतात. दुकानदाराला पाऊल मोजायला लावले, की त्या गोंधळात पडावे लागत नाही.

बहुतेक नवे स्केट दुकानातल्या खास भट्टीत सुमारे ८० अंश सेल्सियसला काही मिनिटे तापवून पायाच्या आकाराचे करून घेता येतात. तापवलेला बूट घालून नाड्या बांधल्यावर मुलाने दहा-पंधरा मिनिटे बसून राहायचे असते, उभे राहायचे नसते, आणि नाड्या वर न ओढता बाजूला ओढायच्या असतात, नाहीतर मऊ झालेली छिद्रे फाटतात. त्यानंतर एक दिवस ते बर्फावर नेऊ नयेत. हा प्रयोग घरच्या ओव्हनमध्ये करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता पट्ट्याविषयी. बुटाच्या आत घोट्याचा पट्टा बांधल्याने आधार वाढत नाही. तो जागा अडवतो आणि नवीन ठिकाणी टोचतो. सपाट तळव्यांचीही धास्ती नको. लहान मुलांचे तळवे पुष्कळदा सपाट दिसतात आणि ते दुखत नसतील, तर काहीच करावे लागत नाही. योग्य मापाच्या बुटातही आतली बाजू दुखत राहिली, तरच आतला तळवा बदलून कमानीला आधार देणारा घालून पाहावा. महागडे, व्यावसायिक खेळाडूंचे कडक स्केटही घेऊ नयेत. दहा वर्षांच्या हलक्या मुलाला तसा बूट वाकवताच येत नाही. सासूबाईंचे तेल रात्री झोपताना जरूर चोळावे; खेळाआधी मात्र नको, कारण तेलकट टाच बुटात आणखी घसरते.

प्रश्न : मी ४३ वर्षांचा असून न्यू जर्सीत राहतो. गेल्या वर्षापासून प्रौढांच्या नवशिक्या वर्गात हॉकी शिकतो आहे. घोट्याच्या समोर, जिथे नाड्यांची गाठ येते तिथे, आग होते आणि दुसऱ्या दिवशी मोटारीच्या पेडलवरून पाय उचलतानाही दुखते. शिवाय अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधली जागा बधिर होते. कंबरेतली नस तर दबली नसेल?

उत्तर : आपण वर्णन केलेल्या दुखण्याला खेळाडूंमध्ये ‘लेस बाइट’ म्हणतात, आपल्या भाषेत नाडी चावली, असे म्हणावे. नडगीवरून उतरणारी आणि पाऊल वर उचलणारी कंडरा घोट्याच्या समोर कातडीच्या अगदी खाली असते. नवशिका खेळाडू आधार मिळावा म्हणून गोणीचे तोंड आवळावे तशा वरच्या नाड्या आवळतो. मग प्रत्येक वेळी गुडघा पुढे वाकला की ती कंडरा नाडी आणि हाड यांच्यामध्ये भरडली जाते आणि सुजते. त्याच भागातून जाणारी एक मज्जातंतूची शाखा अंगठा व दुसऱ्या बोटाच्या बेचक्यातील संवेदना वाहून नेते. तीही त्याच ठिकाणी दबल्यामुळे नेमकी तेवढीच जागा बधिर होते. नाड्या सोडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत संवेदना परत येत असेल, तर कंबरेचा विचार मनातून काढून टाका. बधिरपणा टिकून राहिला किंवा स्केट न घालताही येऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातील साखरही तपासून घ्या.

सूज आणि हात लावल्यावर होणारी वेदना ओसरेपर्यंत, म्हणजे सहसा एक-दोन आठवडे, बर्फावर जाऊ नका. कापडात गुंडाळलेला बर्फ दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. वेदनाशामक गोळी घेऊन खेळायला उतरण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. कुठे चावते आहे, हे सांगणारी एकमेव खूण त्यामुळे बुजते.

परत जाताना बांधण्याची रीत बदला. बोटांकडच्या नाड्या सैलसर, पावलाच्या मध्यावर अंगासरशा आणि घोट्याच्या वळणापाशी, म्हणजे टाच जिथे मागे रुतून बसते तिथे, सर्वांत घट्ट असाव्यात; त्याच्या वर पुन्हा थोडे सैल सोडावे. बांधताना पाय लांब ताणून बसू नका, गुडघा वाकलेला ठेवा. सर्वांत वरचे छिद्र काही दिवस मोकळे सोडून पाहा. पुष्कळांना एवढ्यानेच आराम पडतो आणि गुडघे वाकवणे सोपे झाल्याने खेळही सुधारतो. जीभ बाजूला सरकलेली नाही ना आणि तिचा आतला नमदा (दाबलेल्या लोकरीचा जाड थर) चपटा झालेला नाही ना, हेही पाहा. जीभ सरळ करणे, बदलून घेणे किंवा तिच्या मागे मऊ जेलची गादी ठेवणे हे तिन्ही उपाय स्वस्त आहेत. मेण लावलेल्या नाड्या एकदा ओढल्या की सरकत नाहीत, ही सोय आहे खरी, पण ज्याचा हात जड आहे त्याने साध्या नाड्याच वापराव्यात.

मोज्यांविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगते, कारण मोठी माणसे हीच चूक करतात. जाड मोजा आधार देत नाही, तो चुण्या पाडतो. घामाने न भिजणारा एकच पातळ मोजा पुरे. बुटाच्या वरचा पाय पात्याने कापला जाऊ नये म्हणून मिळणारे न कापले जाणारे मोजे घालत असाल, तर माप घेतानाही तेच घाला. बॉबी ऑर हे बॉस्टनचे विख्यात खेळाडू तर मोज्यांशिवायच स्केट घालत. तेवढे धाडस आपण करू नये, पण पाय आणि बूट यांच्यामध्ये जितके कमी, तितके बरे, हे त्यांच्या सवयीवरून ध्यानात येईल.

प्रश्न : एडमंटनहून लिहीत आहे. माझ्या १६ वर्षांच्या मुलीच्या टाचेच्या मागे वरच्या बाजूला हाडाचा टेंगूळ आला असून नव्या स्केटमध्ये तो लाल होतो. शस्त्रक्रिया करावी लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. टाचेचे हाड आणि बुटाचे कडक कवच यांच्यात सतत घर्षण झाले की तिथली द्रवाची छोटी पिशवी सुजते आणि हाडही उंचवट्यासारखे जाणवू लागते. टेंगळावर लिपस्टिकची खूण करून मुलीला मोजा न घालता बूट घालायला द्या. आत जिथे डाग उमटेल, तेवढीच जागा दुकानातल्या यंत्राने बाहेर फुगवून मिळते. घोट्याच्या हाडाला किंवा करंगळीच्या मागच्या उंचवट्याला बूट लागत असेल, तरी हीच युक्ती चालते. गादी लावायची तर मध्ये भोक असलेली, टेंगळाच्या भोवती लावावी. टेंगळावरच लावली, तर दाब वाढतो. जागा गरम लागली, पू दिसला किंवा ताप आला, तर मात्र वाट पाहू नका. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची टाच साध्या बुटात पळतानाही दुखत असेल, तर ते दुखणे निराळे, वाढत्या हाडाचे असते आणि ते बूट फुगवून जात नाही.

प्रश्न : यजमान लष्करात असल्याने आम्ही दोन हिवाळे लेहला आहोत. १३ वर्षांची मुलगी इथल्या मुलींबरोबर गोठलेल्या बर्फावर हॉकी खेळते. तिला देणगीत आलेले स्केट मिळाले आहेत. ते मोठे असल्याने ती लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड घालते. टाचेला फोड येतात, बोटे पांढरी पडून बधिर होतात. इथे स्केटचे दुकान नाही. काय करावे?

उत्तर : आपले पत्र वाचून मुलीचे कौतुक वाटले आणि काळजीही वाटली. दोन जोड मोज्यांमुळे पाय उबदार राहतो, हा समज इथे घातक ठरतो, कारण घट्ट नाड्यांखाली मोज्यांचा थर पाय आवळतो, रक्त बोटांपर्यंत नीट पोहोचत नाही आणि लोकर घामाने ओली झाली की थंडी अधिकच बाधते. एकच मोजा ठेवा आणि उरलेली जागा खालून भरा : लेहमध्ये नमदा सहज मिळतो, त्याचा पायाच्या आकाराचा तुकडा कापून बुटाच्या मूळ तळव्याखाली घाला. पाऊल वर उचलले गेले की टाचही मागे नीट बसते आणि खालून येणारा गारठाही अडतो. टाचेच्या नाजूक जागी फोड येण्याआधीच चिकटपट्टी लावावी. एक मापाचा फरक अशा रीतीने निभावतो. तीन मापांचा निभावणार नाही, तेव्हा संघातल्या मुलींशी अदलाबदल करून पाहावी.

बोटे पांढरी पडली की खेळ त्याच क्षणी थांबवावा, नाड्या सोडाव्यात, आत यावे आणि पाय कुणाच्या तरी पोटाशी किंवा हातांत धरून ऊब द्यावी. कोमट पाण्यात बुडवायचे असतील, तर पाणी ३७ ते ३९ अंशांचे असावे. तापमापक नसेल, तर तान्ह्या बाळाच्या अंघोळीला पाहतो तसे दुसऱ्या माणसाने कोपर बुडवून पाहावे. चोळू नये आणि बर्फ तर मुळीच लावू नये. बधिर पाय बुखारीजवळ (खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ) नेऊ नयेत, कारण भाजत असल्याचे तिला कळणारच नाही. संवेदना परत आली नाही, कातडी कडक लागली किंवा फोड आले, तर लगेच लष्करी रुग्णालयात न्या. बूटही बुखारीवर वाळवू नका, गोंद सुटतो. आतले तळवे काढून, जीभ पुढे ओढून, खोलीतल्या हवेत रात्रभर ठेवले की पुरते.

प्रश्न : ओटावाला राहणारे माझे पती मित्रांबरोबर खेळताना कठड्यावर आदळले आणि त्यांचा पाय बाहेरच्या बाजूला पिळवटला. ते लंगडत चालतात, म्हणजे हाड मोडलेले नाही ना?

उत्तर : चालता येते, एवढ्यावरून निश्चिंत होता येत नाही; पण योगायोग असा, की हा प्रश्न सोडवण्याची जगभर वापरली जाणारी रीत आपल्याच शहरात १९९२ मध्ये तयार झाली आणि ती ‘ओटावा नियम’ या नावानेच ओळखली जाते. दुखापतीनंतर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता आली नाहीत, तर क्ष-किरण चित्र काढावे. घोट्याच्या परिसरात दुखत असताना आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत, दाबल्यावर दुखली, तरीही काढावे. पावलाच्या मध्यभागी दुखत असेल, तर करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर असलेला हाडाचा उंचवटा आणि आतल्या बाजूला कमानीच्या माथ्यावरचे हाड, या दोन जागा दाबून पाहाव्यात. त्यांतील एक जरी दुखली, तरी क्ष-किरण चित्र हवे. यजमानांना मधुमेह असून पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर या नियमांवर विसंबू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

हाड शाबूत निघाले, तरी आणखी एक शक्यता उरते. स्केटचा कडक बूट नेहमीच्या मुरगळण्यापासून घोट्याला वाचवतो, पण पाते बर्फात अडकून पाऊल बाहेर पिळवटले, तर ताण वर सरकतो आणि नडगीची दोन हाडे एकमेकांना बांधून ठेवणारे बंध दुखावतात. पोटरीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी दाबल्यावर घोट्याच्या वर कळ येत असेल किंवा पाऊल बाहेर वळवताना समोरच्या बाजूला दुखत असेल, तर ही दुखापत असण्याचा संभव आहे. तिला साध्या मुरगळण्यापेक्षा बराच अधिक काळ लागतो, सहा आठवडे किंवा त्याहूनही जास्त, आणि यजमानांची खरी अडचण तीच असेल, कारण दहा दिवसांत सूज उतरते आणि मित्रांचे फोन येऊ लागतात. दुखऱ्या पायावर एकट्याने, न कळवळता, दहा वेळा टाच उचलता येईपर्यंत त्यांची हॉकीची पिशवी तळघरातच राहू द्या.